फायब्रोमायाल्जिया

फायब्रोमायाल्जिया : शरीराच्या उजव्या व डाव्या, तसेच कमरेच्या वरच्या व खालच्या भागांत पसरलेली आणि तीन महिने वा त्याहून अधिक काळ टिकणारी वेदना, विश्रांतीने न जाणारा थकवा, झोपूनही ताजेतवाने न वाटणे आणि स्मरण व एकाग्रता यांत येणारी अडचण ही प्रमुख लक्षणे असलेला चिरकारी (दीर्घकालीन) विकार. या विकारात सांध्यांचा शोथ (दाहयुक्त सूज) होत नाही, हाडे झिजत नाहीत व अवयव विद्रूप होत नाहीत. नेहमीच्या रक्ततपासण्या व क्ष-किरण चित्रे यांतही दोष आढळत नाही. त्यामुळे रुग्णाच्या तक्रारीवर कुटुंबीय, सहकारी व पुष्कळदा वैद्यही विश्वास ठेवीत नाहीत. वेदनेच्या जोडीला हा अविश्वास सोसावा लागणे हा या विकाराचा एक विशेष होय. वेदना मात्र खरी असते. वेदनेच्या संदेशांचे नियमन करणाऱ्या तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) कार्यातील बिघाडामुळे ती निर्माण होते, असे संशोधनातून दिसून आले आहे.

‘फायब्रा’ (तंतू) हा लॅटिन आणि ‘मिस’ (स्नायू) व ‘अल्गॉस’ (वेदना) हे ग्रीक शब्द यांवरून विकाराचे नाव बनले आहे. तंतुमय ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचे म्हणजे पेशींचे समूह) व स्नायू यांतील वेदना असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. मराठी भाषिक रुग्ण अंग ठणकणे, अंग मोडून येणे, हाडे दुखणे, कणकण, वाताचा त्रास अशा शब्दांनी या वेदनेचे वर्णन करतात. हे शब्द इतर अनेक आजारांतही वापरले जात असल्यामुळे विकार वेगळा ओळखला जाण्यास विलंब लागतो.

इतिहास : सर्वांगात फिरणारी व सांध्यांवर दृश्य खूण न सोडणारी वेदना वैद्यांना फार पूर्वीपासून परिचित होती. ब्रिटिश तंत्रिकाविज्ञ विल्यम गॉवर्झ यांनी १९०४ मध्ये कंबरदुखीविषयीच्या एका व्याख्यानात स्नायूंमधील तंतुमय ऊतकाचा शोथ हे अशा वेदनेचे कारण असल्याचे मत मांडून तिला ‘फायब्रोसायटिस’ हे नाव दिले. त्याच वर्षी ग्लासगो येथील राल्फ स्टॉकमन यांनी दुखऱ्या गाठींच्या ऊतकांत शोथाच्या खुणा दिसल्याचे नमूद केले. परंतु नंतरच्या सूक्ष्मदर्शकीय तपासण्यांत त्यांना दुजोरा मिळाला नाही. नाव मात्र सत्तरहून अधिक वर्षे टिकून राहिले.

कॅनडातील टोरँटो येथे ह्यू स्माइथ व हार्व्ही मॉल्डॉफ्स्की यांनी १९७० नंतरच्या काळात या विकाराचा अभ्यास नव्या दृष्टीने केला. त्यांच्या १९७५ च्या प्रयोगात निरोगी व्यक्तींना गाढ झोपेच्या अवस्थेतून आवाज करून वारंवार बाहेर आणले असता थोड्याच दिवसांत त्यांच्या अंगी स्नायूंचा दुखरेपणा व थकवा निर्माण झाला आणि झोप सुरळीत होताच तो नाहीसा झाला. वेदनेमुळे झोप बिघडते हे सर्वज्ञात होते. झोप बिघडल्यामुळेही वेदना उत्पन्न होते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. शोथ नसताना शोथवाचक नाव वापरणे अयोग्य असल्यामुळे १९७६ मध्ये फिलिप हेंच यांनी ‘फायब्रोमायाल्जिया’ ही संज्ञा सुचविली. मुहम्मद युनूस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत ५० रुग्ण व तितक्याच निरोगी व्यक्ती यांची तुलना करून लक्षणांचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध केला. अमेरिकेतील संधिवातविज्ञांच्या संघटनेने १९९० मध्ये निदानाचे निकष निश्चित केल्यावर जगभरच्या संशोधकांना एकच मोजमाप उपलब्ध झाले.

आढळ : निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनुसार प्रौढ लोकसंख्येपैकी सु. २ ते ४ टक्के लोकांना हा विकार असतो. तो कोणत्याही वयात होऊ शकतो. तथापि ३० ते ६० या वयोगटात निदान होण्याचे प्रमाण अधिक आहे. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. १९९० च्या निकषांनुसार हे अंतर फारच मोठे दिसत असे. दुखऱ्या बिंदूंच्या तपासणीवर भर नसलेल्या नव्या निकषांनुसार ते बरेच कमी दिसते. यावरून अनेक पुरुष रुग्णांचे निदान पूर्वी होत नसावे, असा निष्कर्ष निघतो. मुलांमध्ये, विशेषतः किशोरवयीन मुलींत, हा विकार आढळत असल्याचे १९८५ मध्ये प्रथम सविस्तर नोंदविले गेले. शाळेतील वाढती गैरहजेरी हे अशा मुलांमधील महत्त्वाचे चिन्ह असते व ते आळसाचे लक्षण समजले जाण्याचा धोका असतो.

लक्षणे : वेदना खोल, ठणकणारी वा जळजळणारी असते व तिची जागा बदलत राहते. मान, खांदे, पाठ, कंबर व नितंब हे भाग अधिक दुखतात. सकाळी उठल्यावर अंग ताठलेले असते. हलका दाब, घट्ट कपडा, थंड वारा वा प्रेमाने मारलेली मिठीसुद्धा काहींना असह्य होते. मोठा आवाज, प्रखर प्रकाश व उग्र वास यांचाही त्रास होऊ शकतो.

थकवा हे वेदनेइतकेच महत्त्वाचे लक्षण आहे. आठ-नऊ तास अंथरुणात घालवूनही रुग्ण थकलेलाच उठतो. बोलताना शब्द न आठवणे, हातातील कामाचा धागा सुटणे, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देता न येणे या तक्रारी कित्येकांना वेदनेपेक्षाही अधिक अडचणीच्या वाटतात. यांशिवाय डोकेदुखी व अर्धशिशी, पोटात मुरडा येऊन शौचाच्या सवयी बदलणे, वारंवार लघवी होणे, जबड्याच्या सांध्यात वेदना, हातापायांना मुंग्या येणे, पायांची अस्वस्थ हालचाल आणि मासिक पाळीच्या वेळी अधिक वेदना ही लक्षणे कमीअधिक प्रमाणात असतात. विषण्णता व चिंता यांचे प्रमाणही अधिक असते. परंतु प्रत्येक रुग्णात त्या असतातच असे नाही.

लक्षणांची तीव्रता दिवसागणिक बदलते. थंड व दमट हवा, अपुरी झोप, मानसिक ताण, ज्वर आणि सवय नसताना केलेले श्रम यांनी वेदना भडकते. काल बाजारात चालत गेलेली व्यक्ती आज अंथरुणातून उठू शकत नाही, हे पाहणाऱ्याला विसंगत वाटते. हा चढउतार विकाराच्या स्वरूपाचाच भाग आहे.

कारणे व विकृती : विकाराचे एकच एक कारण ज्ञात नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, शरीरावर वा मनावर पडलेला ताण आणि तंत्रिका तंत्रातील बदल यांच्या एकत्रित परिणामातून तो उद्‌भवतो, असे मानले जाते. रुग्णाच्या आईवडील, भावंडे व अपत्ये यांना हा विकार होण्याची शक्यता इतरांच्या मानाने सु. आठ पट असल्याचे एका अभ्यासात आढळले. अपघात, शस्त्रक्रिया, विषाणुजन्य ज्वर, बाळंतपण किंवा दीर्घकाळचा मानसिक आघात यांनंतर विकार सुरू झाल्याचे अनेक रुग्ण सांगतात. काहींमध्ये असा कोणताही प्रसंग सापडत नाही.

निरोगी शरीरात इजा झालेल्या जागेकडून आलेले संदेश तंत्रिकांमार्फत मेरुरज्जूत व तेथून मेंदूत जातात. रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार सिद्धांतानुसार मेरुरज्जूत या संदेशांचे नियमन होते व मेंदूकडून खाली येणारे संदेश ते रोखू अथवा वाढवू शकतात. फायब्रोमायाल्जियात संदेश वाढविणारी यंत्रणा अधिक क्रियाशील व ते दडपणारी यंत्रणा दुर्बल झालेली असते. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवून ठेवला असता कुजबुजही मोठ्याने ऐकू यावी, तशी साध्या स्पर्शाचीही वेदना जाणवते. या अवस्थेला मध्यवर्ती संवेदनीकरण म्हणतात.

या कल्पनेला प्रयोगांचा आधार आहे. रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात ‘पी द्रव्य’ या वेदनावाहक रसायनाचे प्रमाण निरोगी व्यक्तींच्या दुप्पट-तिप्पट असल्याचे १९८८ पासून झालेल्या तपासण्यांत आढळले. २००२ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका अभ्यासात अंगठ्याच्या नखावर दाब देत असताना मेंदूचे चुंबकीय अनुस्पंदन चित्रण करण्यात आले. तेव्हा निरोगी व्यक्तींना ज्या दाबाने वेदना झाली, त्याच्या सु. निम्म्या दाबाने रुग्णांना तितकीच वेदना झाली आणि मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग त्याच रीतीने उत्तेजित झाले. रुग्ण वेदना वाढवून सांगतो, या समजाला त्यामुळे छेद मिळाला. काही रुग्णांच्या त्वचेतील सूक्ष्म तंत्रिकातंतू कमी झाल्याचेही नंतर दिसून आले आहे. २०२१ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली असता उंदीर दाब व थंडी यांस अधिक संवेदनशील झाले. यामुळे प्रतिरक्षा यंत्रणेच्या सहभागाविषयी संशोधन सुरू झाले आहे. या शोधांचा नेहमीच्या निदानासाठी अद्याप उपयोग होत नाही.

ऊतकांना इजा नसताना व तंत्रिकांचा स्पष्ट रोग नसताना वेदनेच्या नियमनातील बदलामुळे होणाऱ्या वेदनेचा तिसरा स्वतंत्र प्रकार आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने २०१७ मध्ये मान्य केला. फायब्रोमायाल्जिया हे त्याचे ठळक उदाहरण होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अंमलात आलेल्या रोगवर्गीकरणात त्याचा समावेश चिरकारी प्राथमिक वेदना या गटात केलेला आहे.

निदान : निदान मुख्यतः रुग्णाचा वृत्तांत लक्षपूर्वक ऐकून व शरीर तपासून करतात. १९९० च्या निकषांनुसार शरीरावरील नऊ जोड्यांतील १८ ठराविक बिंदूंवर सु. ४ किग्रॅ. दाब देऊन त्यांपैकी किमान ११ बिंदू दुखतात का, हे पाहिले जाई. २०१० मध्ये ही पद्धत बदलण्यात आली. नव्या पद्धतीत मागील आठवड्यात शरीराच्या १९ भागांपैकी किती भाग दुखले याची संख्या आणि थकवा, न ताजवणारी झोप, बौद्धिक अडचणी व इतर लक्षणे यांची तीव्रता (० ते १२ गुण) यांचा एकत्र विचार करतात. २०१६ च्या सुधारणेनुसार शरीराच्या पाच विभागांपैकी किमान चार विभागांत वेदना असावी लागते. दुसरा आजार असला तरी फायब्रोमायाल्जियाचे निदान ग्राह्य धरावे, असेही त्या वेळी स्पष्ट करण्यात आले. हे महत्त्वाचे आहे. कारण संधिवाताभ संधिशोथ व तत्सम आजारांच्या रुग्णांत हा विकार सर्वसाधारण लोकांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो. तो लक्षात न आल्यास केवळ वेदना उरली म्हणून शोथावरील प्रबळ औषधांची मात्रा विनाकारण वाढविली जाते.

रक्ततपासण्या इतर आजार वगळण्यासाठी करतात. हीमोग्लोबिन, तांबड्या कोशिकांचा अवसादन वेग, अवटू ग्रंथीचे कार्य आणि गरजेनुसार रक्तशर्करा, ड जीवनसत्त्व व कॅल्शियम एवढ्या तपासण्या बहुधा पुरतात. अवटू ग्रंथीची न्यूनता, ड जीवनसत्त्वाचा अभाव, पांडुरोग, मधुमेहजन्य तंत्रिकाविकार व झोपेतील श्वासरोध यांत अशीच लक्षणे असू शकतात व त्यांवर निश्चित उपाय आहेत. सांध्यावर दिसणारी सूज, ज्वर, वजनात घट, रात्री वाढत जाणारी एकाच जागेची वेदना, हातापायांतील शक्ती कमी होणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली वेदना ही चिन्हे असल्यास दुसऱ्या आजाराचा कसून शोध घेणे आवश्यक ठरते.

निदानास विलंब होणे ही सर्वत्र आढळणारी गोष्ट आहे. दरम्यानच्या काळात रुग्ण एका तज्ज्ञाकडून दुसऱ्याकडे जातो, त्याच त्या तपासण्या पुनःपुन्हा होतात व प्रसंगी अनावश्यक शस्त्रक्रियाही केली जाते. मणक्याच्या चित्रणात दिसणारे वयपरत्वे होणारे बदल हेच सर्व वेदनेचे कारण समजून केलेली शस्त्रक्रिया या विकारात उपयोगी पडत नाही. विकाराला नाव मिळाल्याने वेदना कमी होत नसली, तरी कर्करोगासारख्या आजाराची भीती दूर होते व उपचारांना दिशा मिळते.

चिकित्सा : विकार समूळ नाहीसा करणारा उपाय उपलब्ध नाही. वेदना सुसह्य करणे, झोप सुधारणे व दैनंदिन कार्यक्षमता टिकविणे ही उपचारांची उद्दिष्टे होत. यूरोपीय संधिवातविज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुधारलेल्या शिफारशींत औषधांवाचून करावयाच्या उपायांना प्रथम स्थान दिले असून सर्वांत प्रबळ शिफारस व्यायामाची केली आहे.

(१) समज : आपली वेदना कशी निर्माण होते व तीमुळे सांधे वा स्नायू निकामी होत नाहीत, हे रुग्णाला नीट समजावून सांगणे ही उपचारांची पहिली पायरी होय. हालचालीने इजा होईल या भीतीने रुग्ण हालचाल टाळतो, त्यामुळे स्नायू दुर्बल होतात आणि थोड्या श्रमानेही अधिक दुखते. हे चक्र समज आल्याशिवाय तुटत नाही.

(२) व्यायाम : चालणे, सायकल चालविणे, पोहणे वा कोमट पाण्यातील हालचाली यांसारखा दमश्वास वाढविणारा व्यायाम आणि हलका बलवर्धक व्यायाम हे दोन्ही उपयुक्त आहेत. नियमित व्यायामाचा लाभ १९८८ मध्ये कॅनडात झालेल्या एका नियंत्रित चाचणीत दिसून आला व पुढे अनेक चाचण्यांनी त्याला पुष्टी मिळाली. सुरुवात मात्र फार थोड्यापासून करावी लागते. पाच मिनिटे चालणे झेपत असेल, तर एक-दोन आठवडे तेवढेच चालून मग एकदोन मिनिटांनी वाढ करतात. अशा रीतीने आठवड्यातून दोन-तीन वेळा २० ते ३० मिनिटांपर्यंत पोहोचण्यास काही महिने लागू शकतात. पहिल्या काही आठवड्यांत वेदना किंचित वाढते. त्यामुळे व्यायाम सोडू नये, प्रमाण कमी करावे. ताइ-ची या चिनी व्यायामप्रकाराचा लाभ २०१० व २०१८ मधील चाचण्यांत दिसून आला आहे. सावकाश केलेली योगासने, प्राणायाम व ध्यान यांच्या लहान चाचण्यांचे निष्कर्षही अनुकूल आहेत. अंगाला ताण देणारी अवघड आसने सुरुवातीस टाळणे हितावह असते.

(३) झोप : रोज ठराविक वेळी झोपणे व उठणे, दुपारची झोप अर्ध्या तासावर न जाऊ देणे, संध्याकाळनंतर चहा, कॉफी व तंबाखू टाळणे आणि अंथरुणात दूरध्वनीचा वा दूरचित्रवाणीचा पडदा न पाहणे या साध्या नियमांचा उपयोग होतो. घोरणे व श्वास अडकणे असल्यास त्याची स्वतंत्र तपासणी करतात.

(४) मानसचिकित्सा : वेदनेविषयीचे विचार, भावना व वर्तन यांचा परस्परसंबंध ओळखून त्यांत हळूहळू बदल घडविणारी बोधात्मक वर्तन चिकित्सा वेदना व तीमुळे येणारी अक्षमता काही अंशी कमी करते. ती सुचविणे म्हणजे आजार मनाचा खेळ आहे असे म्हणणे नव्हे. मधुमेह व हृद्‌रोग यांतही मनःस्थितीचा रोगावर परिणाम होतो, तसाच तो येथेही होतो.

(५) औषधे : ॲमिट्रिप्टिलीन हे मूळचे विषण्णतेवरील औषध रात्री अल्प मात्रेत (१० ते ५० मिग्रॅ.) दिल्यास झोप व वेदना सुधारू शकतात. त्याचा उपयोग १९८६ मधील चाचणीपासून ज्ञात आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या विकारासाठी २००७ मध्ये प्रीगॅबालीन, २००८ मध्ये ड्युलोक्सेटीन, २००९ मध्ये मिल्नॅसिप्रॅन आणि २०२५ मध्ये जिभेखाली ठेवावयाची सायक्लोबेंझाप्रीनची गोळी यांना मान्यता दिली. यांपैकी पहिल्या तिन्ही औषधांना यूरोपीय औषध संस्थेने या विकारासाठी मान्यता दिली नाही. फायदा व दुष्परिणाम यांचा तोल कसा मानावा, याविषयी तज्ज्ञांतही मतभेद असल्याचे यावरून दिसते. प्रीगॅबालीनच्या चाचण्यांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत सु. दहा रुग्णांमागे एका अधिक रुग्णाची वेदना निम्म्याहून कमी झाली. औषधाकडून किती अपेक्षा ठेवावी हे यावरून कळते. गुंगी, तोंड कोरडे पडणे, मळमळ, वजन वाढणे व पायांवर सूज हे या औषधांचे संभाव्य दुष्परिणाम आहेत. कमी मात्रेपासून सुरुवात करून ती सावकाश वाढवितात. उपयोग होत नसल्यास औषध बंद करणे योग्य असते. परंतु ते वैद्याच्या सल्ल्याने क्रमाक्रमाने कमी करावे लागते.

(६) टाळावयाचे उपचार : शोथ नसल्यामुळे स्टेरॉइड औषधांचा उपयोग होत नाही. शोथहारक वेदनाशामके दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंडे यांना इजा पोहोचते. मॉर्फिनसारखी अफूजन्य औषधे या विकारात वेदनेची संवेदनशीलता वाढवू शकतात व त्यांचे व्यसन जडते. म्हणून ती देऊ नयेत. ट्रॅमॅडॉल हे सौम्य औषध काही वेळा देतात. त्याचा दुरुपयोग होत असल्यामुळे २०१८ पासून भारतात ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे. घटकद्रव्ये न सांगता ‘वातावर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत व गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. त्यांनी आरंभी तरतरी येते व पुढे मधुमेह, हाडांचा ठिसूळपणा व रक्तदाबवाढ होऊ शकते. ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असल्यामुळे त्यांविषयी वैद्यास स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

दैनंदिन जीवन : बरे वाटते त्या दिवशी साठलेली सर्व कामे उरकणे व पुढचे चार दिवस अंथरूण धरणे, असा अनेक रुग्णांचा क्रम असतो. सणापूर्वीची घरसफाई हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. यावर उपाय म्हणून कामाची विभागणी शिकवितात. काम किती झाले याऐवजी घड्याळाकडे पाहून थांबणे, उभ्याने करावयाची कामे बसून करणे, जड भांडी व पाण्याच्या बादल्या अर्ध्या भरून उचलणे, कणीक मळणे किंवा कपडे पिळणे अशी हातांवर ताण आणणारी कामे एकाच वेळी न करणे आणि बऱ्या दिवशीही ठरलेल्या मर्यादेत राहणे ही या पद्धतीची तत्त्वे आहेत. व्यवसायप्रधान चिकित्सेच्या तज्ज्ञाचे मार्गदर्शन यासाठी उपयुक्त ठरते. कोमट पाण्याने स्नान व शेक यांनी तात्पुरता आराम मिळतो. झोप, श्रम व वेदना यांची थोडक्यात नोंद ठेवल्यास वेदना कशाने भडकते ते ध्यानात येते. मात्र दिवसभर वेदनेचेच मोजमाप करीत राहिल्यास लक्ष तिच्यावर खिळून ती वाढते.

वैद्याकडे जाताना औषधांची यादी, पूर्वीच्या तपासण्यांचे अहवाल व सर्वांत त्रासदायक अशा दोन-तीन तक्रारी लिहून नेल्यास अल्प वेळात अधिक साध्य होते. अनेक तज्ज्ञ बदलण्यापेक्षा एका विश्वासू वैद्याने सर्व उपचारांचा मेळ घालणे श्रेयस्कर असते.

आधार : कुटुंबाची भूमिका निर्णायक असते. ‘दिसायला तर काही झालेले नाही’ हे वाक्य रुग्णाला फार ऐकावे लागते. घरातील सर्वांची कामे जिच्यावर अवलंबून आहेत, अशा स्त्रीला विश्रांती मागणेही अपराधासारखे वाटते व ती त्रास सांगेनाशी होते. दुसऱ्या टोकाला, रुग्णाला कोणतेही काम करू न देणारी माया त्याची उरलेली शक्तीही घालविते. निदानाच्या वेळी पतीला, पत्नीला वा आईवडिलांना बरोबर बोलावून विकाराचे स्वरूप समजावून दिल्यास दोन्ही प्रकारचे नुकसान टळू शकते.

समान आजार असलेल्या व्यक्तींनी ठराविक काळाने एकत्र येऊन अनुभवांची देवाणघेवाण करण्याच्या गटांचा पुष्कळांना आधार वाटतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी स्वव्यवस्थापनाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात प्रशिक्षित रुग्णच इतरांना शिकवीत. आपण आपल्या आजाराबाबत काही करू शकतो हा आत्मविश्वास वाढल्याने वेदना सुसह्य होते, असे त्यातून आढळून आले. गट निवडताना तेथे औषधांची विक्री वा खात्रीशीर बरे करण्याची आश्वासने तर नाहीत ना, हे पाहणे आवश्यक असते. १२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिन या विकाराविषयीचा जागृतिदिन म्हणून अनेक देशांत पाळला जातो.

दीर्घ वेदनेमुळे जगणे नकोसे होणे ही तातडीची अवस्था होय. अशा विचारांविषयी विचारपूस केल्याने ते बळावत नाहीत, उलट मदतीचा मार्ग मोकळा होतो. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत विनामूल्य समुपदेशन मिळते.

भारतातील स्थिती : पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न कार्यक्रमानुसार घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत सु. १८ टक्के प्रौढांना स्नायू, हाडे वा सांधे यांच्या वेदना असल्याचे आढळले; संधिवाताभ संधिशोथाचे प्रमाण मात्र सु. ०·५ टक्का होते. ग्रामीण भागातील बहुसंख्य वेदना शोथयुक्त संधिरोगांखेरीज इतर कारणांनी होतात, हे त्यातून स्पष्ट झाले. संधिवाततज्ज्ञ प्रायः मोठ्या शहरांत असल्यामुळे निदान व देखभाल यांचा भार सर्वसाधारण वैद्यावरच पडतो. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न अशा काही रुग्णालयांत संवेदनाहरणशास्त्र विभागामार्फत वेदना चिकित्सालये चालविली जातात व तेथे भौतिकी चिकित्सेचीही सोय असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात नमूद केलेल्या २१ प्रकारांत या विकाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाने मात्र या विकारामुळे येणाऱ्या अक्षमतेचे मूल्यमापन कसे करावे याचे नियम २०१२ मध्ये घालून दिले आहेत. कामाच्या वेळेत लवचिकता, मधूनमधून उठून फिरण्याची मुभा व योग्य उंचीची बैठक एवढ्या सोयींनी पुष्कळ रुग्ण नोकरी टिकवू शकतात.

साध्यासाध्य विचार : या विकाराने अवयव निकामी होत नाहीत. तो बहुधा अनेक वर्षे टिकतो. त्यात बऱ्या काळामागून त्रासाचा काळ येतो. काही रुग्णांत, विशेषतः मुलांमध्ये व लवकर उपचार सुरू झालेल्यांत, लक्षणे पुष्कळ कमी होतात. सुधारणा आठवड्यांत न मोजता महिन्यांत मोजावी लागते. वेदना पूर्ण थांबली का, यापेक्षा झोप, चालणे, घरकाम, नोकरी व माणसांत मिसळणे यांपैकी काय पुन्हा जमू लागले, हे पाहणे अधिक उपयुक्त असते. नियमित व हळूहळू वाढविलेला व्यायाम, सुधारलेली झोप, मोजकी औषधे आणि रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी भोवतालची माणसे असल्यास बहुसंख्य रुग्ण आपले जीवन पुन्हा हाती घेऊ शकतात.